सूर्यावरची वादळे



सूर्य आपण रोज पाहतो असे म्हणतो. खरे तर त्याच्याकडे आपण बघत नाही. त्याच्या उजेडात बाकीचे बघतो. आज त्याच्याविषयीच थोडे बोलू.

आधी माप. पृथ्वी म्हणजे मोहरीचा एक दाणा धरा. मग सूर्य केवढा? वीतभर रुंदीचा लाल भोपळा! भोपळा ओसरीवर ठेवा आणि दाणा पन्नास हात लांब, समोरच्या गोठ्यात नेऊन ठेवा. खरे अंतर आहे सुमारे १५ कोटी किलोमीटर. सूर्याचा उजेड एवढी वाट आठ-सव्वाआठ मिनिटांत चालून येतो.

सूर्य जळतो, असे आपण म्हणतो. पण तो चुलीसारखा जळत नाही हो. लाकडाचा असता तर केव्हाच राख झाली असती. तो आहे तापलेल्या वायूचा गोळा. अगदी आत गाभा, तिथे दीड कोटी अंश उष्णता. तिथे हायड्रोजनचे कण एकमेकांना जुळतात आणि त्यांचा हेलियम वायू होतो. या जुळण्यात थोडे वजन घटते. जे घटते, त्याचीच उष्णता आणि उजेड होतो. दर सेकंदाला ४० लाख टनांहून जास्त वजन असे घटते. घाबरू नका. सूर्यापाशी अजून सुमारे ५०० कोटी वर्षांची शिदोरी आहे.

ही उष्णता हळूहळू बाहेर येते. वरच्या थरात भाताच्या आधणासारखी उकळी चाललेली असते. तापलेला वायू वर येतो, निवतो, पुन्हा खाली जातो. आपल्याला दिसतो तो वरचा पृष्ठभाग. तिथे साडेपाच हजार अंश. त्याच्याभोवती पातळ प्रभामंडळ असते, ते खग्रास ग्रहणात दिसते. त्याची उष्णता मात्र दहा लाख अंशांहून जास्त! चुलीपासून दूर गेले की झळ कमी व्हावी, इथे उलटेच. याचे पुरते कारण शास्त्रज्ञ अजून शोधत आहेत.

आता डागांची गोष्ट. सूर्याला लोहचुंबकासारखी ओढ आहे. पण सूर्य घट्ट नाही. त्याचा मधला पट्टा २५ दिवसांत एक फेरा घेतो, टोकांकडच्या भागाला ३५ दिवसांच्या आसपास लागतात. त्यामुळे चुंबकाच्या रेषांना पीळ पडतो. सुंभाला फार पीळ दिला की गाठ येते ना? तसेच होते. जिथे गाठ, तिथे उष्णता वर येईना. ती जागा थोडी निवते आणि काळी दिसते. हेच सूर्यावरचे डाग. सुमारे ११ वर्षांनी ते वाढतात, मग ओसरतात.

कधी कधी ती गाठ एकदम सुटते. मोठा भडका होतो आणि तापलेल्या कणांचा ढग आकाशात फेकला जातो. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात कॅरिंग्टन नावाच्या गृहस्थाने असा भडका दुर्बिणीतून पाहिला. एक दिवसही गेला नाही, तोच पृथ्वीवर चुंबकाचे वादळ आले. तारयंत्रे बिघडली. अमेरिकेत तर बॅटरी काढून ठेवली, तरी तारा चालत होत्या! त्याच वादळाची नोंद आपल्या मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत झाली. दीडशे वर्षे होऊन गेली, तरी शास्त्रज्ञ ती नोंद उघडून बघतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांनी सुया हलणार, म्हणून हे काम १९०४ साली अलिबागला नेले. तिथली इमारत लोखंड टाळून बांधलेली आहे.

आपल्या अंगाला या वादळाची झळ लागत नाही. पृथ्वीची चुंबकशक्ती आणि हवा आपल्याला जपतात. दुखते ते तारांना आणि यंत्रांना. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात ६० लाख लोकांची वीज नऊ तास गेली होती. मे २०२४ मध्ये अमेरिकेत ऐन पेरणीत उपग्रहाच्या खुणेवर चालणारे ट्रॅक्टर अडले. लडाखात हानले येथे रात्रीचे आकाश लाल झाले. आपल्या देशाने २०२३ साली पाठवलेले आदित्य एल-१ हे यान त्या वेळी सूर्यावर पहारा करीतच होते. डागांवरून पावसाचा अंदाज मात्र कुणी सांगू लागला, तर विश्वास ठेवू नका.

आता आमची एक चूक सांगतो. २४ ऑक्टोबर १९९५ ला ग्रहण होते. काजळी धरलेल्या काचेतून बघा, असे आम्हीच मुलांना सांगितले होते. तेव्हा सगळे तसेच सांगत. पण त्या काचेतून न दिसणारे किरण आत येतात. एका मुलाने पुष्कळ वेळ पाहिले. दुखले नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखणे कळतच नाही. त्याच्या उजव्या डोळ्यासमोर आजही मधोमध करडा ठिपका आहे. तो कधी आम्हाला बोलला नाही. आई मात्र बोलली, आणि ते बरोबर होते.

पत्र्याच्या भोकातून जमिनीवर गोल कवडसा पडतो ना? तो सूर्याचाच फोटो असतो. भोक वाकडे असले तरी कवडसा गोल पडतो. ग्रहणात त्याची चंद्रकोर होते. २ ऑगस्ट २०२७ ला दुपार कलल्यावर आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे. पावसाळ्याचे दिवस, ढग नसले तर दिसेल. पुठ्ठ्याला सुईने भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा आणि खाली पांढरा कागद धरा. आम्हीही शाळेच्या अंगणात कागद घेऊन बसणार आहोत. त्या मुलालाही बोलावले आहे. आता त्याचीच मुले शाळेत जातात.