चाळिशीनंतरची बाई : दीना पाठक

(आमच्या गटाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मागच्या बैठकीत टीव्ही मालिकांमधल्या सासवांचा विषय निघाला आणि आपण सगळ्याजणी तावातावाने बोललो. सासू म्हणजे पितृसत्तेची मुकादम, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी मान डोलावली. मी गप्प होते. गेल्या वर्षी माझ्या मुलाचं लग्न झालं, मी स्वतः सासू झाले. स्वयंपाकघरात एक-दोनदा मी जे बोलून गेले ते आठवून मला त्या दिवशी तोंड उघडायचं धाडस झालं नाही. घरी जाताना बसमध्ये एकच चेहरा डोळ्यांसमोर येत होता. 'खूबसूरत'मधल्या निर्मला गुप्तांचा, म्हणजे दीना पाठक यांचा. म्हणून आज त्यांच्याविषयी बोलायचं ठरवलं.

अशा नटीला हिंदीत 'चरित्र अभिनेत्री' म्हणतात. शब्द गमतीदार आहे. मराठीत चरित्र म्हणजे आयुष्याची हकीगत आणि चारित्र्य म्हणजे जे सांभाळायची जबाबदारी फक्त बाईवर असते ते! नायिकेचं चारित्र्य सिनेमाभर पणाला लागलेलं असतं. चरित्र अभिनेत्रीला मात्र बहुतेक वेळा चरित्रच नसतं. ती कुणाची तरी आई, कुणाची तरी सासू. तिचं स्वतःचं नावदेखील आपल्या लक्षात राहत नाही. दीनाबेनना (गुजराती माणसं असंच म्हणणार) पडद्यावर आपण ओळखू लागलो तेव्हा त्यांच्या मागे केवढं चरित्र होतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांचा जन्म 4 मार्च 1922 चा, गुजरातेतल्या अमरेलीचा. माहेरचं आडनाव गांधी. थोरल्या बहिणीचं नाव शांता गांधी. त्याच, ज्यांनी पुढे 'जसमा ओडण' रंगभूमीवर आणलं आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं अध्यक्षपदही सांभाळलं. शांताबेनचा जन्म नाशिकचा आणि शाळा पुण्यातली, तेव्हा आपलाही थोडा हक्क आहे. दीनाबेन मुंबईत कॉलेजात असताना स्वातंत्र्यचळवळीत पडल्या म्हणून कॉलेजने त्यांना काढून टाकलं. दुसऱ्या कॉलेजातून त्यांनी बी.ए. पुरं केलं. चाळीसच्या दशकात त्या इप्टात, म्हणजे भारतीय जननाट्य संघात आल्या आणि गुजराती शाखेत भवाईच्या अंगाची नाटकं करू लागल्या.

इथे जरा थांबते, कारण भवाईची गोष्ट आपल्या कामाची आहे. भवाई हा गुजरातचा लोकनाट्यप्रकार, आपल्या तमाशासारखा रांगडा आणि चावट. तो चौदाव्या शतकात असाईत ठाकर या ब्राह्मणाने सुरू केला असं मानतात. आख्यायिका अशी : एका पटेलाची मुलगी गंगा हिला एका सरदाराने पळवून नेलं. असाईत गाणारा होता. तो सरदारापुढे गायला आणि ही माझी मुलगी आहे, सोडा, म्हणाला. सरदार म्हणाला, तुझी मुलगी असेल तर एका ताटात जेव. असाईत जेवला. मुलगी सुटली आणि ब्राह्मणांनी त्याला वाळीत टाकलं. पोटासाठी तो खेळ करू लागला, तीच भवाई. एका मुलीसाठी जात गमावलेल्या माणसाने सुरू केलेली कला. पण त्या कलेत पुढे शतकानुशतकं बायांना पाऊल ठेवायला जागा नव्हती! बाईची कामं करणाऱ्या पुरुषांना 'कांचळिया' म्हणत, कांचळी म्हणजे चोळी घालणारे. आणि ही आख्यायिकासुद्धा पाहा, असाईतच्या त्यागाची आहे. गंगा त्या ताटासमोर बसून काय विचार करत होती, ते कुणी विचारत नाही.

शहरी गुजराती रंगभूमीवरही तोच प्रकार. आपल्याकडे बालगंधर्व, तसे तिकडे जयशंकर 'सुंदरी'. 1901 साली 'सौभाग्यसुंदरी' नाटकात त्यांनी नायिका केली आणि सुंदरी हे नाव त्यांना कायमचं चिकटलं. साडी कशी नेसावी, चालावं कसं, हे मुंबईतल्या घरंदाज बायका त्यांच्याकडे पाहून शिकत. स्वातंत्र्यानंतर याच सुंदरींनी अहमदाबादेत रसिकलाल परीखांसोबत नटमंडळ उभं केलं. 1953 मध्ये परीखांचं 'मेना गुर्जरी' बसवताना त्यांनी नायिकेचं काम दीना गांधींना दिलं. ज्या पुरुषाने आयुष्यभर बाई केली, तो आता एका खऱ्या बाईला बाई कशी करायची ते सांगणार! मला या प्रसंगाचं हसूही येतं आणि त्याबद्दल आदरही वाटतो. आदर अशासाठी की सुंदरींनी आपली जागा मोकळी केली. बायका रंगभूमीवर आल्यामुळे कलेचा ऱ्हास झाला, असं कुढत बसणारे त्यांच्या पिढीत कमी नव्हते.

मेनाची कथा मूळ लोकगीतातली. पातशहाचा तळ बघायच्या हौसेने घराबाहेर पडलेली गुर्जर बाई, तिथे अडकवली जाते, गुर्जर लढून तिला परत आणतात, आणि घरी आल्यावर तिच्यावर संशय घेतला जातो. शेवटी ती पावागडच्या महाकालीकडे निघून जाते. सीतेपासूनचा हाच धागा. हे नाटक अफाट चाललं. 1957 मध्ये राष्ट्रपती भवनात राजेंद्रप्रसादांसमोर त्याचा प्रयोग झाला. त्याच वर्षी दीनाबेनची थोरली मुलगी रत्ना जन्मली. धाकटी सुप्रिया 1961 ची. दोघी पुढे नामवंत नट्या झाल्या, ते तुम्हाला माहीत आहेच. नवरा बलदेव पाठक. गेटवे ऑफ इंडियाजवळ त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. दिलीपकुमार, राजेश खन्ना यांचे कपडे ते शिवत.

सिनेमात नायिका म्हणून त्या 1948 मध्येच 'करियावर' या गुजराती चित्रपटात येऊन गेल्या होत्या. करियावर म्हणजे मुलीला माहेरून मिळणारा ऐवज. त्यानंतर मात्र त्यांनी रंगभूमीच धरली. हिंदी पडद्यावर त्या आल्या 1966 मध्ये, बासू भट्टाचार्यांच्या 'उसकी कहानी'त. वय 44. ज्या वयात सिनेमा नट्यांना निरोप देतो, त्या वयात ही बाई दारातून आत आली.

मग पस्तीस-छत्तीस वर्षं काम. सगळं सांगत बसत नाही. 'भूमिका' (1977) मात्र आपल्याला टाळता येणार नाही, कारण तो हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका'वर आधारलेला आहे. नायिका ज्या काळ्यांच्या वाड्यात अडकते, तिथली वृद्ध आई दीनाबेननी केली आहे. त्या वाड्यात सगळ्या बायका कैदी आहेत. फरक एवढाच की कुणाला ते कळून चुकलंय आणि कुणाला बंद दाराची सवय झाली आहे.

'गोलमाल' (1979) मधली कमला श्रीवास्तव तर धमालच. क्लबात, पार्ट्यांत वावरणारी बाई नोकरीसाठी गरजू पोराची 'आई' बनते. पांढरी साडी, डोक्यावर पदर. आणि पकडली गेल्यावर स्वतःचीच जुळी बहीण होते. आपण हसतो, पण कशाला हसतो? आदर्श आई हा एक वेश आहे, खिडकीतून आत उडी मारून घाईघाईत चढवता येणारा, हे उघडं पडतं म्हणून. भवाईतल्या नाट्यप्रवेशालाही 'वेश'च म्हणतात.

आता निर्मला गुप्ता. 'खूबसूरत' (1980) मध्ये घर घड्याळाच्या काट्यावर चालतं, सगळे तिला घाबरतात, पाठीमागे कुरकुरतात. रेखाची मंजू येते आणि सगळ्यांना बंड शिकवते. ती मंडळी घरात लपून एक नाटक करतात, त्यात निर्मलेची हुकूमशहा म्हणून टिंगल होते आणि नेमकं ते तिच्या दृष्टीस पडतं. कॉलेजात असताना मी तो सिनेमा पाहिला तेव्हा पूर्णपणे मंजूच्या बाजूने होते. आता पाहते तेव्हा मला निर्मलेच्या चेहऱ्यावर रागापेक्षा दुखावलेपण जास्त दिसतं. एवढी माणसं, वेळेवर जेवण, औषधं, पैसा, हे सगळं एका बाईच्या अंगावर. नवरा प्रेमळ, पण बागेत रमलेला. नियम तिने केले, हे खरं. पण नियम नसते तर ते घर कुणी चालवलं असतं? सिनेमा हा प्रश्न विचारत नाही. दीनाबेनचा चेहरा विचारतो.

त्या नुसत्या पडद्यावर प्रश्न विचारणाऱ्या नव्हत्या. भारतीय महिला फेडरेशनच्या त्या राष्ट्रीय अध्यक्ष होत्या. 'मिर्च मसाला' (1987) मध्ये मिरचीच्या कारखान्याचं दार आतून बंद करून बसलेल्या बायांमध्ये त्या आहेत, दोन्ही मुलींसह. त्या दारामागच्या बायकांचंही आपापसात पटत नाही, काहींना वाटतं एकीला देऊन टाकावी म्हणजे बाकीच्या सुटतील. हे दिग्दर्शक केतन मेहतांनी लपवलं नाही, म्हणून तो सिनेमा मला खोटा वाटत नाही.

पण मला सगळ्यात जवळच्या वाटतात त्या भीष्म साहनींबरोबरच्या त्यांच्या दोन भूमिका. साहनी मुळात लेखक. 'मोहन जोशी हाजिर हो' (1984) मध्ये हे दोघं मुंबईतल्या मोडकळीला आलेल्या इमारतीतलं म्हातारं जोडपं, घरमालकाविरुद्ध कोर्टात गेलेलं. आणि साहनींच्याच कादंबरीवरची 'तमस' मालिका, 1988 मध्ये दूरदर्शनवर दाखवलेली. फाळणीच्या दंग्यात दुकान सोडून पळालेले हरनाम सिंग आणि त्याची बायको बंतो. एका मुसलमान घराचं दार ठोठावतात. घरात पुरुष नाहीत. राजो, म्हणजे सुरेखा सिक्री, त्यांना आत घेते. घेऊ की नको, हे तिच्या मनात चाललेलं असतं आणि तिच्या सुनेला ते मुळीच पसंत नसतं. त्याच वेळी तिकडे या जोडप्याची मुलगी जसबीर गुरुद्वारातल्या बायकांबरोबर विहिरीकडे निघालेली आहे. बंतोला ते ठाऊक नाही. दीनाबेन तिथे फारसं काही बोलत नाहीत. परक्या बाईच्या घरात कसं बसावं, हे न कळून अंग चोरून बसलेली म्हातारी. एवढंच.

11 ऑक्टोबर 2002 रोजी मुंबईत त्या गेल्या. शांताबेन त्याच वर्षी मे महिन्यात गेल्या होत्या. दीनाबेन शेवटपर्यंत काम करत होत्या. 'पिंजर' त्यांच्या मृत्यूनंतर, 2003 मध्ये प्रदर्शित झाला. त्याही कथेत फाळणी आणि पळवलेली मुलगी.

मागच्या आठवड्यात सुनेबरोबर बसून मी 'खूबसूरत' पुन्हा पाहिला. ती मंजूच्या प्रत्येक वाक्याला हसत होती. मध्येच माझ्याकडे बघून तिने आवाज कमी केला. मी म्हटलं, "अगं, वाढव." तिने वाढवला, पण नंतर हसली नाही. त्याविषयी आम्ही अजून बोललेलो नाही.

माझं झालं. आता तुम्ही बोला.