रोजकीर्द आणि समासांतली टीप

मेडशीच्या बाजारांतला दुकानदार रोजकीर्द लिहितो, तशीच संगणकाची आज्ञावलीहि आपली नोंद ठेवीत असते. जावा भाषेंत हें काम अपाचे प्रतिष्ठानचा 'लॉगफॉरजे' हा मुक्त आज्ञासंग्रह करतो. कोणती नोंद ठेवावी, कोठें ठेवावी, हें 'प्रॉपर्टीज' फाइलींत लिहितात. 'एरर' पातळी नेमली कीं 'इन्फो'च्या नोंदी गळतात. ही निवड पडद्यावर बटणें दाबून व्हावी, असें साधन करणें खरोखर उपकारक आहे. परंतु जावाचा ठराविक 'प्रॉपर्टीज' वर्ग वाचतांना फाइलींतल्या टिपा सोडून देतो. फाइल पुन्हा लिहिली कीं त्या नाहींशा. अमुक पातळी कां नेमली, हें सांगणारी ओळच पुसली गेली, तर पुढच्या माणसानें काय करावें? म्हणून साधन करणारानें आधीं टिपा राखाव्या. बटणें मागाहून रंगवावीं.