रणजीत आपलं नाव



सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. विदर्भ आणि छत्तीसगड यांचा रणजी सामना लागला, तर आपण रायपूरची मराठी माणसं टाळ्या कुणासाठी वाजवणार? हसू नका. तात्यापाऱ्यात अर्ध्या घरांचे नातेवाईक नागपुरात आहेत!

रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, मध्य प्रांत आणि वऱ्हाड. संघही एकच. मग १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपण मध्य प्रदेशात राहिलो. पुढच्याच वर्षी विदर्भाचा वेगळा संघ रणजीत उतरला. इथल्या मुलाला मात्र मध्य प्रदेशाच्याच संघात जागा मिळवावी लागे.

मिळवली नाही असं नाही. भिलाईचे राजेश चौहान आठवा. एकवीस कसोटी खेळले, त्यांतली एकही भारताने गमावली नाही. १९९७ मध्ये कराचीत सकलैन मुश्ताकला मारलेला त्यांचा षटकार आजही लोक सांगतात. पण धावफलकावर त्यांचं राज्य मध्य प्रदेश.

१ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड राज्य झालं. संघ लगेच झाला का? नाही. नव्या रायपुरात मोठं स्टेडियम उभं राहिलं, १८५७ मध्ये फाशी गेलेल्या शहीद वीर नारायण सिंहांच्या नावाचं. २०१३ मध्ये तिथे आयपीएलचे सामने झाले. मैदान होतं, प्रेक्षक होते, रणजीचा संघ नव्हता. तो आला २०१६-१७ च्या मोसमात. राज्य झाल्यावर सोळा वर्षांनी.

पहिला सामना त्रिपुराशी, आणि आपण नऊ गडी राखून जिंकलो! पण त्या मोसमात सगळे सामने तटस्थ मैदानावर होते. त्यामुळे हा विजय झाला रांचीला. कर्णधार होते मोहम्मद कैफ, उत्तर प्रदेशला रणजी जिंकून देणारे.

तेव्हा काहींच्या मनात आलं, बाहेरचा कर्णधार, मग संघ आपला कसा? आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल खेळतात. तिथला खेळाडू सहसा आपल्या जन्मगावाच्या काउंटीकडूनच खेळतो, तोही पगाराशिवाय. आपल्याकडे तशी रीत नाही. नव्या संघाला अनुभवी माणूस लागतो, हे मान्य करायला हवं. पण त्याचं काम नंतरच्यांना उभं करण्याचं. पुढे दुर्गमध्ये जन्मलेला हरप्रीत सिंग भाटिया कर्णधार झाला. तोही आधी मध्य प्रदेशाकडून खेळला होता. परत येण्यासाठी त्याला आता घरचा संघ होता.

विदर्भाला पहिलं रणजी विजेतेपद मिळायला २०१७-१८ उजाडावं लागलं, म्हणजे साठ वर्षं. आपल्या संघाने अजून ते पाहिलेलं नाही. आपल्याला घाई करून चालणार नाही.

तर टाळ्या कुणासाठी? माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे. नागपूर आपलं आजोळ, त्याचं कौतुक राहीलच. पण रायपूरच्या मैदानावर सकाळी सहाला सरावाला येणाऱ्या मुलाला मोठं व्हायला दुसऱ्या राज्याची टोपी घालावी लागू नये, यासाठी हा संघ आहे. त्याचा रणजी सामना इथे असेल, तेव्हा आयपीएलइतकी नाही, पण थोडी तरी गर्दी करा.