गाडी उचलली, पण रस्त्याचे काय?

(पनवेल येथील कार्यकर्ता मेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून तुम्ही अंगणातल्या जीपभोवती फिरताहात आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न आहे, "गाडी उंच केली का?" तेव्हा कापसाच्या भावाकडे वळण्याआधी गाडीचाच हिशेब देतो.

पनवेल हा भाताचा मुलूख. येथे पऱ्हाटी नाही, ज्वारी नाही. तरी गाडी येथे आणली, कारण शेजारी कळंबोलीचा लोखंड बाजार आहे. मुंबई-पुणे आणि गोव्याचे रस्ते येथे फुटतात, त्यामुळे ट्रकच्या कमानी बांधणारे कसबी कारागीर येथे आहेत. शिवाय आपल्या एका कार्यकर्त्याच्या घरी सपाट सिमेंटचे अंगण आहे. काम त्याच अंगणात आम्ही चौघांनी केले.

जीप महिंद्राची, जुनी, चारही चाकांना ताकद देणारी. १९४७ साली मुंबईत विलिज जीपगाड्यांची जुळणी सुरू झाली, त्याच घराण्यातली. वेचणीच्या दिवसांत परतीचा पाऊस झाला की काळ्या मातीच्या पांदणीत काय होते ते तुम्हाला सांगायला नको. बैलगाड्या-ट्रॅक्टरने खोल चाकोऱ्या पडतात, मध्ये वरंबा राहतो. त्या वरंब्यावर ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा टेकतो आणि चारही चाके जागच्या जागी फिरतात. आम्ही ठरवले, गाडी चांगली वीतभर उंच करायची.

या जीपमध्ये कमानी ॲक्सलच्या खाली असतात. त्या काढून ॲक्सलच्या वर बसवल्या की ॲक्सलच्या नळीची आणि कमानीची जाडी मिळून तेवढी उंची वाढते. आमचा तोच बेत होता. कोणी म्हणाले, मध्ये लोखंडी ठोकळा घाला. पण कमान खाली असताना ठोकळा घातला तर गाडी उंच होण्याऐवजी खाली बसते!

कळंबोलीच्या एका म्हाताऱ्या कारागिराने आम्हाला शहाणे केले. त्याने टेप मागितला. "आधी चारही कोपऱ्यांत ॲक्सलपासून चॅसिसपर्यंत मापा." मापले. मागची डावी बाजू उजवीपेक्षा दोन इंच खाली. कमान उघडली तर तिसरा पाटा तुटलेला, बाकीचे वर्षानुवर्षांच्या ओझ्याने सपाट झालेले. म्हणजे आम्ही जी उंची विकत घ्यायला निघालो होतो, तिच्यातली बरीचशी गाडीची स्वतःचीच होती. ती झिजून गेली होती.

मग त्याने दुसरा प्रश्न विचारला, "गाडी अडते कुठे?" आम्ही म्हणालो, गोळ्यावर. तो म्हणाला, "कमान कितीही उंच करा, अंग वर जाईल, गोळा तेथेच राहील. तो चाकाच्या उंचीवर टांगलेला आहे." भावांनो, शेतकी कॉलेजची पदवी घेतलेल्या आमच्या डोक्यात हे साधे गणित आले नव्हते.

वीतभर उंचीचा बेत आम्ही सोडला. गाडीची मूळ उंची परत आणायची, एवढेच ठरले. तुमच्यापैकी कोणी हे काम करणार असेल तर अनुभवाच्या गोष्टी सांगतो.

गाडी सपाट, कठीण जागेवर घ्या. दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. चॅसिस भक्कम लोखंडी घोड्यांवर ठेवा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरू नये. ॲक्सलला वेगळा जॅक द्या. पाट्यांना गॅसची ज्योत किंवा वेल्डिंग लावू नका. पाण चढवलेले पोलाद मऊ पडते आणि पुढे तेथेच मोडते. पाट्यांना बाक देणे आणि पाणी देणे हे कारागिराचे काम. कमानी सोडणे-बसवणे घरी करता येते. यू-बोल्ट जुने वापरू नका, ते एकदा ताणले की त्यांचा भरवसा नाही. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळा. ॲक्सल पूर्ण खाली लोंबत असताना ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही ना, ते डोळ्यांनी पाहा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा.

आणि जास्त उंचीचा मोह का सोडला? गाडी उंच झाली की तिचा भार वर जातो आणि वळणावर ती कलंडते. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून त्याचे क्रॉस लवकर जातात. स्टिअरिंगच्या दांड्याचा कोन बिघडला की प्रत्येक खड्ड्यात चाक आपणहून वळते. अशा गाडीत उद्या वेचणीच्या बाया बसणार. कायद्याचीही गाठ आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठणकावून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलाला मालकास बदलागणिक पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही ठेवले. मोडका पाटा बदलणे ही दुरुस्ती आहे. तिला कोणी हरकत घेणार नाही.

आता गाडी सरळ उभी आहे, चॅसिसवर आपटत नाही. पण परतीच्या पावसानंतर तुमच्या पांदणीत ती याही वर्षी अडेल. काळी माती पाणी पिऊन फुगते, चाकाला थापून बसते. वाफसा येईपर्यंत तेथे गाडी घालणे म्हणजे चाकोरी आणखी खोल करणे. रस्ता नाही म्हणून आपण गाडीवर खर्च करतो. वेचलेला कापूस शेतात भिजतो, कडबा काळा पडतो, आणि हा तोटा उत्पादनखर्चात कोणी धरत नाही.

२०२१ मध्ये सरकारने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली. तुमच्या गावात तिच्यातून किती रस्ते झाले, तुम्हीच मोजा. पण योजनेची वाट पाहण्याची गरज नाही. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येते. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेताला रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहिता १९६६ चे कलम १४३ आहे; बांधावरून वाट मागता येते.

म्हणून गावी गेल्यावर दोन कामे करा. ज्याची जुनी गाडी असेल त्याने आधी टेप लावून चारही कोपरे मापावेत. आणि सगळ्यांनी मिळून गावनकाशा घेऊन शिवारात फिरावे, नकाशावरची प्रत्येक पांदण जमिनीवर किती उरली ते मापावे. बुजलेली पांदण आणि बसलेली कमान यांचा रोग एकच आहे. जे आपले होते ते हळूहळू गेले आणि आपण मापले नाही. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ही मापे कागदावर लिहून आणा. त्यावरून तहसीलवर कधी जायचे ते ठरवू.