मुशीची नाळ आणि भंगुरतारा

चपट्या, टोकदार नाकाची लहान मुशी, म्हणजे आपली मोरी, आपल्या सुरीखालून रोज जाते. तिच्या पोटात पिल्लं निघतात आणि त्यांना चक्क नाळ असते, हे पाहिलंयत ना? बाईमाणसासारखंच! अंडं जेमतेम मिलिमीटरभर; पुढचं सगळं पोषण आईच्या अंगातून. पाच-सहा महिने वागवून एका खेपेला साधारण 6 ते 18 पिल्लं.

आता दुसरा जीव. समुद्रातल्या स्पंजच्या भोकांत एक इवलासा भंगुरतारा राहतो. त्याला बहुधा सहा हात. हा मधोमध फाटतो, तीन हात इकडे, तीन तिकडे, आणि दोन्ही अर्धे उरलेलं अंग पुन्हा वाढवतात. एकाचे दोन झाले! हात तुटला तरी नवा येतो. डोकं नाही, मेंदू नाही, तरी बिनघोर.

मुशीला ही सोय नाही. पोटुशी मुशी जाळ्यात आली की आख्खी खेप गेली.

म्हणून आमच्या गटाने ठरवलंय, वीतभर मुशीच्या टोपलीवर बोली लावायची नाही. ती अजून पिल्लूच असते. दीड वीत झाल्याशिवाय विणायला येत नाही. दोघीजणी म्हणाल्या, "आपण नाही घेतली तर दुसरी घेईल." खरंच आहे ते. त्या दिवशी आमचा वाटाही लहान होतो. तरी गेल्या सोमवारी सातजणींनी हात वर केला नाही.