केगमधला नायट्रोजन: फेस, हिशोब आणि उघडी खिडकी

आज आपण बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका मित्राच्या शेतघराच्या पडवीत बसलोय. समोरच्या नळातून कॉफी येणार आहे, बिअर नाही. आधीच सांगतो, नंतर हिरमुसू नका. परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, भले ती स्वतःपुरती का असेना. ज्यांना खरी ताजी बिअर हवी त्यांनी मायक्रोब्रुअरीत जावं. पुण्यात २००९ पासून ती सोय आहे.

पण हे तंत्र आलं बिअरकडूनच. गिनेसमध्ये मायकल अ‍ॅश नावाचा गणितज्ञ होता. केमिस्ट नाही, गणितज्ञ! (आपल्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.) त्याच्या टीमने केगमध्ये कार्बन डायऑक्साइडसोबत नायट्रोजन घातला आणि १९५९ मध्ये ती साईसारख्या फेसाची बिअर नळावर आली.

नायट्रोजनच का? तर कार्बन डायऑक्साइड पाण्यात त्याच्यापेक्षा पन्नासेक पट जास्त विरघळतो. विरघळला की जिभेला झोंबतो, आंबटसर लागतो. नायट्रोजन जवळपास विरघळतच नाही. त्यामुळे त्याचे बुडबुडे बारीक राहतात, छोट्या बुडबुड्यातला गॅस मोठ्यात सरकत नाही, आणि फेस घुसळलेल्या ताकासारखा टिकून राहतो.

आता गंमत बघा. फेस काढायला नळाच्या आत बारीक भोकांची एक चकती असते. त्यातून पेय जोरात रेटायला साधारण ३० पीएसआय लागतात, बाइकच्या टायरएवढं प्रेशर. एवढ्या दाबाने नुसता कार्बन डायऑक्साइड लावला तर काही दिवसांत बिअरमध्ये इतका गॅस मुरतो की ग्लासात निव्वळ फेस पडतो. नुसता नायट्रोजन लावला तर बिअरमधला स्वतःचा गॅस हळूहळू वर निघून जातो आणि ती मवाळ पडते. म्हणून बिअर गॅस: ७५ टक्के नायट्रोजन, २५ टक्के कार्बन डायऑक्साइड. मीटरवरचे ३० अधिक हवेचे १५, झाले ४५. त्याचा पाव हिस्सा म्हणजे अकराच्या आसपास. बिअरला कार्बन डायऑक्साइडचा दाब फक्त तेवढाच जाणवतो. रेटायला मीटरवरचे पूर्ण ३०, मुरायला फक्त ११. डाल्टनचा नियम पाठ केला होता ना, तो हाच.

कॉफीत हा तोल सांभाळायचा नसतो, तिला आंबटपणा नकोच असतो. म्हणून तिथे शुद्ध नायट्रोजन. कॉफी आधी बर्फगार करायची, मग गॅस सोडून केग चांगला हलवायचा. एक लक्षात ठेवा: ऑक्सिजन नाही म्हणजे कॉफी खराब होत नाही, असं नाही. काही घातक जंतूंना ऑक्सिजन नसलेलाच आवडतो. केग कायम ४ अंशांच्या खाली.

आणि आता ज्यासाठी आपण खोलीत न बसता पडवीत बसलोय ते. श्वास घ्यावासा वाटतो तो शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो म्हणून, ऑक्सिजन कमी पडला म्हणून नव्हे. नायट्रोजनला वास नाही, तो गळला तर खोकला नाही, गुदमरल्यासारखंही होत नाही. माणूस सरळ कोसळतो. हिशोब करू. १० लिटरच्या सिलिंडरमध्ये १५० बारने भरलेला गॅस बाहेर आला की दीड हजार लिटर होतो. आपल्या वन बीएचकेतलं ८ बाय ७ फुटांचं स्वयंपाकघर, छत ९ फुटांवर, म्हणजे साधारण १४ हजार लिटर हवा. दार-खिडकी बंद असताना सिलिंडर रिकामा झाला तर २१ टक्के ऑक्सिजन १९ च्या खाली येतो. साडेएकोणीसच्या खालची हवा धोक्याची धरतात. हा झाला सरासरीचा आकडा. गळतीच्या तोंडाशी वाकलेल्या माणसाला सरासरीचा उपयोग नाही.

तेव्हा सिलिंडर गॅलरीत, साखळीने भिंतीला बांधून उभा. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं. कार्बन डायऑक्साइडचा रेग्युलेटर नायट्रोजनला जुगाड करून अजिबात लावायचा नाही. तो सिलिंडरमध्ये द्रव असतो, नेहमीच्या तापमानाला ६० बारच्या आसपास राहतो. नायट्रोजन सुरुवातच १५० ने करतो. कोणी म्हणालं ‘चालतंय रे, टेप गुंडाळ’, तर त्या दुकानातून बाहेर पडा.

चला, प्रश्न घेऊ. मागे हात वर होता, तिथून सुरू करूया.