दाढेला तडा गेला, तर नुसतं सिमेंट पुरतं का?

आजचा एपिसोड कोडिंगवर नाही, दाढेवर आहे.

झालं असं, की फुटाणे खाताना माझ्या खालच्या दाढेतून कळ गेली. गंमत म्हणजे चावताना कमी, दाब सोडताना जास्त. एक्स-रे साफ! मग मी सहा महिने दुसऱ्या बाजूने चावत राहिलो. शेवटी डेंटिस्टने दाढेच्या एकेका उंचवट्यावर काडी चावायला लावली आणि सांगितलं, तडा गेलाय. तडा बहुधा पुढून मागे जातो, एक्स-रेचे किरण गालाकडून येतात, म्हणून तो दिसत नाही.

मी म्हटलं, "मग सिमेंट भरून टाका ना, डॉक्टर."

त्या म्हणाल्या, "आधी दाढ फाकायची थांबवू या."

म्हणजे बघा, दाढेच्या पुढच्या आणि मागच्या कडेला एकेक बांध असतो. गालाकडचे आणि जिभेकडचे उंचवटे हे बांध धरून ठेवतात. १९८९ साली काढलेल्या उपदाढांवर एक प्रयोग झाला. रूट कॅनालच्या छिद्राने दाताचा ताठरपणा साधारण ५ टक्केच घटला. दोन्ही बांध कापणाऱ्या खड्ड्याने मात्र ६३ टक्के! असा खड्डा नुसता भरला, तर प्रत्येक घासाला उंचवटे बाहेर वाकत राहतात आणि तडा पुढे सरकतो.

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव कशाला बसवतात? लाकूड फाकू नये म्हणून. कॅपचं काम तेच. उंचवटे दीड-दोन मिलिमीटर कमी करून सगळे एका आवरणाखाली घ्यायचे. फक्त वरचा भाग झाकला तर त्याला ऑनले म्हणतात, त्यात चांगला दात कमी कापला जातो. माझ्या दाढेला तोच बसवला. खर्च सिमेंटपेक्षा बराच जास्त आला, हे खरं.

आणि एक सांगतो. कॅपने तडा सांधला जात नाही, फक्त ताण कमी होतो. तडा मुळात खोल उतरला, तर बहुतेक वेळा दाढ काढावीच लागते. माझ्या आईची अशीच गेली. "वयोमानाने दुखतंय" म्हणत तिने दोन वर्षं काढली, आणि मीही कधी "आई, दाखवून ये" म्हटलं नाही.

तर चावताना कळ येत असेल, तर थांबू नका. घरच्यांनाही विचारा. भेटू पुढच्या भागात!